टाळी आणि हाकाटी : अमेरिकेच्या दक्षिणेतील कंट्री व सदर्न रॉक जलशांचा श्रोता

अमेरिकेतील लोकप्रिय संगीताचा इतिहास बहुतांशी गायक, वादक आणि ध्वनिमुद्रण कंपन्या यांच्या अंगाने लिहिला गेला आहे. तिकीट काढून सभागृहात बसलेला, पुष्कळदा शेकडो मैलांचा प्रवास करून आलेला श्रोता त्या इतिहासात टाळ्यांच्या आवाजापुरता उरतो. कंट्री आणि सदर्न रॉक या दक्षिणी राज्यांत वाढलेल्या दोन संगीतप्रकारांच्या बाबतीत ही उपेक्षा विशेष खटकते. काय गायले जावे, किती वेळ गायले जावे आणि गाणारा 'आपला' आहे की नाही, हे ठरविण्यात येथील श्रोत्याचा वाटा फार मोठा होता. हा वाटा प्रेमाचा होता तसाच वगळण्याचाही होता. त्याच्या या दोन्ही बाजूंचा मागोवा घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

रायमन सभागृहातील बाके

दि. २८ नोव्हेंबर १९२५ रोजी टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे डब्ल्यूएसएम या रेडिओ केंद्रावरून ग्रामीण वादनगायनाचा एक कार्यक्रम सुरू झाला. १९२७ पासून तो 'ग्रँड ओल ऑप्री' या नावाने ओळखला जाऊ लागला. केंद्राची मालकी एका विमा कंपनीची होती आणि कार्यक्रम घरी बसून ऐकण्यासाठीच होता. परंतु श्रोते घरी बसेनात. वादकांना प्रत्यक्ष पाहण्यासाठी ते स्टुडिओत गर्दी करू लागले आणि कार्यक्रमाला एकामागून एक मोठ्या जागा शोधाव्या लागल्या. १९३९ मध्ये वॉर मेमोरियल सभागृहात आल्यावर गर्दीला आळा बसावा म्हणून २५ सेंट प्रवेशशुल्क ठेवण्यात आले, तरी गर्दी हटली नाही. अखेर १९४३ मध्ये कार्यक्रम रायमन सभागृहात गेला व मार्च १९७४ पर्यंत तेथेच राहिला. रेडिओच्या कार्यक्रमाचे रूपांतर जलशात झाले ते असे श्रोत्यांच्या रेट्यामुळे. ती व्यवस्थापकांची मूळ योजना नव्हती.

रायमनची वास्तू १८९२ मध्ये धर्मसभांसाठी उघडली होती. त्यामुळे तेथे खुर्च्या नव्हत्या, प्रार्थनामंदिरातील लांब लाकडी बाके होती. वातानुकूलन नव्हते, उन्हाळ्यातील शनिवारी श्रोते घामाघूम होत. कलावंतांनाही कपडे बदलण्यास पुरेशी जागा नसल्याने ते मागील गल्लीत उभे राहत. गाणे चालू असताना बाकावरून उठून रंगमंचाच्या कडेपर्यंत जावे, आवडत्या गायकाचे छायाचित्र घ्यावे आणि परत येऊन बसावे, अशी तेथील रीत होती. ऑपेरागृहात जो उद्धटपणा ठरला असता तो येथे जिव्हाळा मानला जाई. ११ जून १९४९ रोजी हँक विल्यम्स ऑप्रीत प्रथम गायला तेव्हा 'लव्हसिक ब्ल्यूज' या गाण्याला सहा वेळा 'वन्स मोअर' मिळाल्याचे सांगितले जाते. आकड्याबाबत दंतकथेची सवलत द्यावी लागेल. पण एका नवख्या गायकाला त्या रात्री पदरात घेतले ते बाकांवरील माणसांनी, याविषयी दुमत नाही.

याच सभागृहातील सज्जाला 'कॉन्फेडरेट गॅलरी' असे नाव होते. गुलामगिरी टिकविण्यासाठी लढलेल्या दक्षिणी सैन्यातील वृद्ध सैनिकांच्या १८९७ मधील मेळाव्यासाठी तो सज्जा बांधण्यात आला होता. आरंभीच्या काळातील ऑप्रीचा एक लोकप्रिय कलावंत म्हणजे माउथ ऑर्गन वाजविणारा डीफोर्ड बेली. तो कृष्णवर्णीय होता. रेडिओवर वर्ण दिसत नाही. दौऱ्यावर मात्र ज्या गावात टाळ्या मिळत त्याच गावात निवाऱ्याची खोली मिळत नसे. १९४१ मध्ये त्याला कार्यक्रमातून काढण्यात आले. 'कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम'मध्ये त्याचा समावेश होण्यास २००५ साल उजाडावे लागले, तोपर्यंत त्याच्या निधनाला दोन दशकांहून अधिक काळ लोटला होता.

ऐकलेला आवाज आणि दिसलेला चेहरा यांतील ही फट १९६६ मध्ये डेट्रॉइट येथे अधिक स्पष्टपणे उघडी पडली. मिसिसिपीत जन्मलेल्या चार्ली प्राइड या कृष्णवर्णीय गायकाच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका कंपनीने छायाचित्राविना प्रसृत केल्या होत्या. मोठ्या सभागृहात त्याचे नाव पुकारले जाताच टाळ्यांचा कडकडाट झाला. तो प्रकाशात आला आणि टाळ्या विरत गेल्या. तेव्हा प्राइडने आपल्या वर्णावर स्वतःच विनोद केला, लोक हसले आणि पुढे टाळ्या परतल्या. ही हकीकत तो स्वतः सांगत असे. ती सहसा श्रोत्यांच्या मनाच्या मोठेपणाचे उदाहरण म्हणून उद्धृत होते. परंतु गाण्याचा पहिला सूर लावण्यापूर्वी ज्याला आपल्या कातडीबद्दल जणू खुलासा करावा लागला, असा त्या रंगमंचावरचा तो एकटाच गायक होता, याकडे अभ्यासकांनी दुर्लक्ष करू नये. १९७१ मध्ये कंट्री संगीतातील वर्षाचा सर्वश्रेष्ठ कलावंत म्हणून त्याचीच निवड झाली. सभागृह बदलू शकते, हेही त्यावरून दिसते.

रात्रभराची मागणी

सदर्न रॉक ही पुढच्या पिढीची निर्मिती. १९६९ मध्ये फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे स्थापन होऊन जॉर्जियातील मेकन येथे स्थिरावलेल्या ऑलमन ब्रदर्स बँडने ब्ल्यूज, जॅझ आणि कंट्री यांचा मेळ घातला. त्यांच्या दोन ढोलवादकांपैकी जेमो हा कृष्णवर्णीय होता. त्या काळच्या दक्षिणेत अशा वाद्यवृंदाने एकत्र प्रवास करणे हीच एक सामाजिक घटना होती. अटलांटातील पीडमाँट पार्कमध्ये ते विनामूल्य वाजवीत. त्यांची कीर्ती पक्की झाली ती मात्र न्यूयॉर्कमधील फिलमोर ईस्ट येथे मार्च १९७१ मध्ये मुद्रित झालेल्या जलशांमुळे. त्या ध्वनिमुद्रिकेतील एकच रचना सुमारे २३ मिनिटे चालते. वादनातील विरामात एक श्रोता रात्रभर वाजवत राहण्याची मागणी ओरडून करतो, तीही मुद्रणात टिकली आहे. त्या अनाम माणसाचा आवाज आता त्या संगीताचाच भाग झाला आहे. दीर्घ, उत्स्फूर्त वादन हे ऐकणाऱ्याच्या सबुरीवर उभे असते. घाई करणाऱ्या श्रोत्यांसमोर ते उमलतच नाही.

२८ जुलै १९७३ रोजी न्यूयॉर्क राज्यातील वॉटकिन्स ग्लेन येथे ऑलमन ब्रदर्स, ग्रेटफुल डेड आणि द बँड यांना ऐकण्यास अंदाजे ६ लाख लोक जमले. तिकिटे विकली गेली होती सुमारे दीड लाख. मोटारी रस्त्यातच सोडून लोक मैलोन्‌मैल चालत गेले आणि त्यांतील बहुसंख्यांना रंगमंच नीट दिसलाही नसावा. या चाहत्यांचे राजकीय मोलही लवकरच ध्यानात आले. नोव्हेंबर १९७५ मध्ये प्रॉव्हिडन्स येथे ऑलमन ब्रदर्सनी जिमी कार्टर यांच्या उमेदवारीसाठी जलसा केला. नव्या निवडणूक कायद्यानुसार छोट्या वैयक्तिक देणग्यांइतकीच रक्कम सरकारी निधीतून मिळत असे आणि तिकिटाची किंमत अशी देणगी म्हणून धरता येई. संगीत ऐकायला आलेला तरुण नकळत राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराचा देणगीदार ठरला!

गाणे आणि ध्वज

जॅक्सनव्हिलच्याच लिनर्ड स्किनर्ड या वाद्यवृंदाने जुलै १९७६ मध्ये अटलांटातील फॉक्स थिएटरमध्ये तीन रात्री मुद्रण केले. १९२९ मधील हे भव्य चित्रपटगृह पाडले जाण्याच्या बेतात होते आणि ते वाचविण्याची लोकचळवळ त्या वेळी चालू होती. गायक रॉनी व्हॅन झँट कोणते गाणे हवे असे विचारतो आणि सभागृह एकमुखाने 'फ्री बर्ड'चे नाव घेते, हा क्षण त्या मुद्रिकेत आहे. पुढे कोणाच्याही जलशात, गायक कोणीही असो, मागच्या रांगेतून याच गाण्याची हाकाटी होऊ लागली; तिची थट्टा झाली, कलावंत वैतागले, पण ती थांबली नाही.

२० ऑक्टोबर १९७७ रोजी मिसिसिपीतील गिल्सबर्गजवळ झालेल्या विमान अपघातात व्हॅन झँटसह सहा जण मरण पावले. दहा वर्षांनी, १९८७ मध्ये, उरलेले वादक त्याच्या धाकट्या भावाला गायक म्हणून घेऊन श्रद्धांजलीच्या दौऱ्यावर निघाले, तेव्हा 'फ्री बर्ड' गायकाविना वाजविले गेले. रंगमंचावर मोकळा मायक्रोफोन होता आणि शब्द श्रोत्यांनी गायिले. मृत गायकाची जागा सभागृहाने भरून काढल्याचे इतके उघड उदाहरण लोकप्रिय संगीतात क्वचितच सापडेल.

याच रंगमंचामागे कॉन्फेडरेट ध्वज लावला जाई आणि श्रोत्यांतही तो फडकत असे. अनेक गोऱ्या चाहत्यांना तो केवळ दक्षिणेचा अभिमान वाटे. कृष्णवर्णीय नागरिकांसाठी तो गुलामगिरीची आणि नागरी हक्कांच्या विरोधाची आठवण होता. कायद्याने दार उघडल्यावरही त्या ध्वजाखाली बसून तेच गाणे ऐकण्यास कोण सहज येऊ शकेल, हा प्रश्न उरतोच. सप्टेंबर २०१२ मध्ये वाद्यवृंदाचे गिटारवादक गॅरी रॉसिंग्टन यांनी, वंशद्वेषी संघटनांनी या ध्वजाचा अर्थ बिघडविल्यामुळे तो वापरणे सोडल्याचे एका दूरचित्रवाहिनीस सांगितले. चाहते खवळले. अवघ्या काही दिवसांत रॉसिंग्टन यांना ध्वज रंगमंचावर राहील असा खुलासा करावा लागला. १९८७ मध्ये ज्या सामूहिक आवाजाने मृत मित्राचे गाणे पूर्ण केले, त्याच प्रकारच्या आवाजाने २०१२ मध्ये जिवंत वादकाला आपला शब्द मागे घ्यायला लावला.

फ्लोरिडाच्याच टॉम पेटीचा अनुभव निराळा होता. १९८५ च्या दौऱ्यात त्याने हा ध्वज रंगमंचावर वापरला होता. पुढे एका जलशात श्रोत्यांतून ध्वज त्याच्याकडे फेकला गेला तेव्हा त्याने कार्यक्रम थांबविला आणि हे आपले चिन्ह नव्हे, पुन्हा ते येथे आणू नये, असे सांगितले. काहींनी हुर्यो केली, काहींनी टाळ्या वाजविल्या. आपण त्या वेळी केलेला ध्वजाचा वापर मूर्खपणाचा होता, अशी स्पष्ट कबुली त्याने २०१५ मध्ये दिली. आणि त्या एका गावातील त्या बोलण्यानंतर आपल्या कोणत्याही जलशात तो ध्वज पुन्हा दिसला नाही, याचे आश्चर्यही त्याने तेव्हाच व्यक्त केले.