गल्लीतील पार्किंग : नियम काय, अधिकार कोणाचा, तक्रार कुठे करायची?

मोहने हे एनआरसी कंपनीच्या आधाराने वाढलेले गाव. २००९ मध्ये कंपनी बंद पडली, पण वस्ती वाढत राहिली. घरोघरी दुचाकी आल्या, काहींकडे रिक्षा-टेम्पो आले, गल्ल्या मात्र तेवढ्याच राहिल्या. रात्री कोणाला छातीत दुखू लागले आणि रुग्णवाहिका नाक्यावरच अडकली, तर पार्किंग हा किरकोळ विषय राहत नाही. म्हणून ही माहिती प्रत्येक घरात असायला हवी.

अधिकार कोणाचा?
मोहने कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत येते. रस्ता, फूटपाथ आणि त्यावरील अतिक्रमण हे महापालिकेचे काम. त्यासाठी ‘अ’ प्रभाग क्षेत्र कार्यालय आहे. नो पार्किंग, एकेरी वाहतूक किंवा अवजड वाहनांना बंदी याची अधिसूचना ठाणे शहर पोलिसांची वाहतूक शाखा काढते. त्यासाठी मोटार वाहन कायदा १९८८ मधील कलम ११५, ११६ आणि ११७ यांचा आधार घेतला जातो. रुग्णवाहिका, अग्निशमन दल अशा अत्यावश्यक वाहनांना या बंदीतून सूट असते.

गाडी कुठे लावू नये?
२०१७ च्या वाहन चालविण्याच्या नियमांनुसार पुढील ठिकाणी बोर्ड नसला तरी पार्किंगला मनाई आहे :

- फूटपाथ आणि झेब्रा क्रॉसिंग
- चौकाच्या दोन्ही बाजूंना ५० मीटरपर्यंत
- बस स्टॉप, शाळा आणि दवाखान्याच्या प्रवेशाजवळ
- कोणाच्याही गेटसमोर, तसेच आगीच्या वेळी पाणी घेण्याच्या नळासमोर

गोल निळ्या बोर्डावर एक तिरपी लाल रेघ असेल तर पार्किंगला मनाई. दोन रेघांची फुली असेल तर गाडी थांबवायचीही नाही.

दंड किती?
महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून वाढीव दंड लागू आहेत. चुकीच्या पार्किंगसाठी पहिल्यांदा ५०० रुपये, पुन्हा केल्यास १,५०० रुपये. रुग्णवाहिकेला किंवा अग्निशमन गाडीला वाट न दिल्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सार्वजनिक जागेत दहा तासांहून जास्त बेवारस उभी असलेली गाडी कलम १२७ खाली उचलता येते. टोइंगचा खर्च मालकाकडून घेतात.

‘माझ्या दारासमोरची जागा’
सगळ्यात जास्त भांडणे इथेच होतात. आपल्या गेटमधून जाण्या-येण्याचा रस्ता मोकळा मिळणे हा आपला हक्क आहे. पण दुकानासमोर दगड, कुंड्या किंवा ड्रम ठेवून सार्वजनिक रस्ता अडवायचा अधिकार कोणालाच नाही. स्वतः रंगवलेल्या ‘नो पार्किंग’ पाटीला अधिसूचनेची किंमत नसते.

इमारतीत राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. मोकळी किंवा स्टिल्टखालची पार्किंगची जागा बिल्डरला फ्लॅटपासून वेगळी विकता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१० मध्ये दिला आहे.

तक्रार कशी करावी?
तोंडी सांगून काम होत नाही. गल्लीचे नाव, अडचणीची वेळ, फोटो आणि रहिवाशांच्या सह्या घेऊन अर्ज द्या. अतिक्रमण असेल तर प्रभाग कार्यालयात, पार्किंग किंवा एकेरी वाहतुकीची मागणी असेल तर वाहतूक शाखेत. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका. तातडीच्या वेळी पोलिसांसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि आगीसाठी १०१.

जुमा, रमजान आणि शादी
जुम्याच्या नमाजला अर्ध्या तासासाठी का होईना, रस्त्याच्या तोंडावर बाइक लावू नये. मशीद कमिटीने दोन-तीन नौजवानांना पार्किंगच्या कामाला लावले तरी खूप फरक पडतो. जवळ राहणाऱ्यांनी पायीच यावे. शादीचा मंडप रस्त्यावर घालायचा असेल तर आधी परवानगी घ्यावी आणि एका बाजूने गाडी जाईल एवढी वाट सोडावी. रस्त्यातला अडथळा दूर करणे हा सदका आहे, हे आपण मुलांना मदरशात शिकवतो. मुले आपली गाडी कुठे उभी आहे, तेही बघत असतात.