बॅगेचं भाडं

एमएससाठी मुंबईहून निघालो तेव्हा 23 किलोच्या दोन बॅगा फुकट होत्या. आईने गोडा मसाला, कुकर सगळं काट्यावर तोलून भरलेलं. अमेरिकेतल्या पुढच्या विमानाचं तिकीट मात्र मी स्वस्त म्हणून वेगळं काढलं होतं. तिथे काउंटरवर दोन्ही बॅगांचे पैसे मागितले! बाबांनी दिलेल्या डॉलर्समधून भरले आणि पहिला आठवडा ब्रेडवर काढला.

मग याचा इतिहास शोधला. तेल महागलं म्हणून जून 2008 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने देशांतर्गत प्रवासात पहिल्या बॅगेला 15 डॉलर लावले. मागोमाग बहुतेक कंपन्यांनीही. जुलैत पिंपाला 147 डॉलर असलेलं तेल डिसेंबरात 40 च्या खाली आलं. शुल्क काही उतरलं नाही!

असो. निघण्याआधी प्रत्येक तिकिटाचे नियम वेगळे वाचा.