वॉकर, फुलर आणि टकर : एका व्यवसायाची तीन इंग्रजी आडनावे

इंग्रजी आडनावांत ‘वॉकर’ हे आडनाव वरवर पाहता अत्यंत सुबोध वाटते. इंग्रजीचे जुजबी ज्ञान असलेली व्यक्तीही त्याचा अर्थ ‘चालणारा’ असा करील. हा अर्थ आडनावाच्या उत्पत्तीशी जुळत नाही. प्राचीन इंग्रजीतील ‘वेआल्कन’ या क्रियापदाचा अर्थ लोळविणे, घुसळणे, इकडून तिकडे हलविणे असा होता. ‘पायी चालणे’ हा अर्थ त्यास मध्ययुगात चिकटला. या क्रियापदापासून बनलेले कर्तृवाचक नाम विणलेले लोकरी कापड तुडविणाऱ्या कारागिरास लावले जाई. भाषेतून लोपलेला तो जुना अर्थ आडनावात मात्र टिकून राहिला.

मागावरून उतरलेले लोकरी कापड विरळ, तेलकट आणि खरखरीत असे. ते पाण्यात शिळे मूत्र किंवा विशिष्ट प्रकारची माती मिसळून तासन्‌तास तुडविले जाई. त्यामुळे त्यातील तेल निघून जाई, धागे एकमेकांत गुंतत आणि कापड आटून घट्ट होई. नंतर ते चौकटींवर ताणून वाळविले जाई. (भारतात मुलतानी माती या नावाने परिचित असलेल्या मातीस इंग्रजीत ‘फुलर्स अर्थ’ म्हणतात, ते याच व्यवसायामुळे.) हे काम करणाऱ्यास इंग्लंडमध्ये एकच नाव नव्हते. उत्तरेत आणि पश्चिम मिडलँड्समध्ये ‘वॉकर’, आग्नेय भागात व ईस्ट अँग्लियात ‘फुलर’, तर नैर्ऋत्येस डेव्हन, सॉमरसेट या परगण्यांत ‘टकर’ असे शब्द रूढ होते. ‘फुलर’ हा लॅटिन ‘फुल्लो’ या शब्दापासून आलेला असून नॉर्मन विजयानंतर फ्रेंच रूपानेही त्यास बळ दिले. ‘टकर’ हा छळणे, पिडणे या अर्थाच्या जुन्या इंग्रजी क्रियापदापासून आला आहे. कापडाच्या वाट्याला येणारी वागणूक पाहता हा शब्द समर्पकच म्हणावा लागेल.

व्यावसायिक संघटनांच्या नावांतही हा प्रादेशिक भेद दिसतो. लंडनमधील कारागिरांची संघटना १४८० मध्ये ‘फुलर्स’ या नावाने अधिकृत झाली व १५२८ मध्ये कापड कातरणाऱ्यांच्या संघटनेत मिळून तिची ‘क्लॉथवर्कर्स कंपनी’ बनली. एक्सेटर येथे मात्र १४७१ मध्ये प्रार्थनामंदिर म्हणून उभी राहिलेली कारागिरांची वास्तू आजही ‘टकर्स हॉल’ म्हणून ओळखली जाते. विक्लिफच्या अनुयायांनी चौदाव्या शतकाच्या अखेरीस केलेल्या बायबलच्या पहिल्या भाषांतरात, मार्कच्या शुभवर्तमानातील शुभ्र वस्त्रांच्या प्रसंगी ‘फुलर’ व ‘वॉकर’ हे दोन्ही शब्द शेजारीशेजारी ठेवलेले आढळतात. एका शब्दाने सर्व वाचकांचे काम भागत नव्हते, असे यावरून अनुमान करता येते.

वॉकर म्हणजे कापडावर चालणारा, ही लोकप्रिय उपपत्तीही अपुरीच आहे. टेंपलर संघटनेच्या ११८५ च्या पाहणीत यॉर्कशरमधील न्यूसम आणि ग्लॉस्टरशरमधील बार्टन येथे पाणचक्कीवर कापड कुटण्याची नोंद आहे. म्हणजे पायांची जागा लाकडी हातोड्यांनी घेण्यास तेव्हाच प्रारंभ झाला होता. ई. एम. कॅरस-विल्सन यांनी १९४१ मध्ये या बदलास ‘तेराव्या शतकातील औद्योगिक क्रांती’ म्हटले. नंतरच्या काही अभ्यासकांना हे विधान अतिशयोक्त वाटले. तथापि चक्क्यांचा प्रसार कोणी नाकारलेला नाही. व्यवसायवाचक उपनामे वंशपरंपरागत होऊ लागली ती साधारणतः याच काळात. त्यामुळे आजच्या अनेक वॉकरांचा मूळ पुरुष कापड पायांनी न तुडविता चक्कीवर लक्ष ठेवणारा असण्याचा संभव आहे.

उपनामाचे आडनाव एकाएकी झाले नाही. ही प्रथा नॉर्मन जमीनदारांपासून सुरू झाली, दक्षिणेत आधी आणि उत्तरेत उशिरा रुजली. १३७७, १३७९ व १३८१ च्या डोईपट्टीच्या याद्या या संक्रमणाचा महत्त्वाचा पुरावा होत. त्यांत जेथे नावासोबत व्यवसायही नोंदविला आहे, तेथे दोन्ही कधी जुळतात, तर कधी जुळत नाहीत. १४१३ च्या कायद्याने न्यायालयीन कागदपत्रांत प्रतिवादीचा दर्जा वा व्यवसाय आणि गाव स्वतंत्रपणे लिहिणे बंधनकारक केले. आडनावावरून मनुष्याचा धंदा ओळखण्याचे दिवस सरत आल्याचे हे लक्षण मानता येईल. १५३८ पासून धर्मग्रामांतील नोंदवह्यांमुळे आडनावे आणखी स्थिर झाली.

आडनाव एक म्हणून कुळ एक, हा समज या प्रकारच्या आडनावांबाबत टिकत नाही. कापड तयार होणाऱ्या जवळपास प्रत्येक गावी एखादा वॉकर, फुलर किंवा टकर स्वतंत्रपणे निर्माण होऊ शकत होता. लेस्टर विद्यापीठातील ट्युरी किंग व मार्क जॉब्लिंग यांच्या २००९ मधील वाय-गुणसूत्रांच्या अभ्यासात दुर्मीळ आडनावांच्या पुरुषांत समान पूर्वजाची चिन्हे ठळकपणे आढळली. ‘स्मिथ’सारख्या सर्वसामान्य आडनावात ती आढळली नाहीत. आडनावानुसार ‘कुलचिन्ह’ विकण्याचा धंदा तर सर्वस्वी निराधार होय, कारण इंग्लंडमध्ये असे चिन्ह विशिष्ट व्यक्तीस व तिच्या वंशजांस दिले जाते, आडनावास नव्हे.

काही घराण्यांची मुळे तर इंग्लंडबाहेर जातात. स्कॉटलंडच्या गेलिक प्रदेशातील ‘मॅक अन उखकदर’, म्हणजे कापड तुडविणाऱ्याचा पुत्र, या नावाचे भाषांतर होऊन काही वॉकर झाले. तेथे भाषा बदलली तरी धंदा तोच राहिला. आयर्लंडमधील काही टकर मात्र ‘ओ तुआखर’ या गेलिक कुलनामाच्या इंग्रजीकरणातून आलेले असून, कापडाच्या धंद्याशी त्या नावाचा काहीही संबंध नाही.