व्हिएन्नांतील एक अपुरी मैफल

युरोपीय संगीताच्या इतिहासांत कांहीं मैफली त्यांत काय वाजलें यासाठीं प्रसिद्ध आहेत. आज मी जिच्याविषयीं बोलणार आहें, ती मैफल मात्र जें वाजलें नाहीं त्यासाठींहि स्मरणांत ठेवण्याजोगी आहे. ३१ मार्च १९१३ रोजीं व्हिएन्ना येथील म्यूझिकफेराइन या विख्यात वास्तूच्या मोठ्या सभागृहांत ती झाली. वाद्यवृंदाचें संचालन आर्नोल्ड शोएनबर्ग करीत होता. कार्यक्रमपत्रिकेंत पांच रचनाकारांचीं नांवें क्रमानें छापलेलीं होतीं: आंटोन वेबर्न, अलेक्झांडर झेम्लिन्स्की, स्वतः शोएनबर्ग, आल्बान बेर्ग आणि शेवटीं गुस्ताव मालर. पहिले चौघे हयात होते. त्यांपैकीं वेबर्न व बेर्ग हे शोएनबर्गचे शिष्य, आणि झेम्लिन्स्की हा त्याचा एके काळचा शिक्षक व पुढें मेहुणा. पांचवा मालर मात्र १८ मे १९११ रोजीं निवर्तला होता.

मालरला शेवटचें स्थान देण्यांत केवळ सोय नव्हती. १८९७ पासून १९०७ पर्यंत तो व्हिएन्नाच्या राजदरबारी संगीत-नाट्यगृहाचा प्रमुख होता व नगरींत त्याचा मोठा दरारा होता. १९०७ सालीं शोएनबर्गच्या नव्या रचनांची हुर्यो होऊं लागली, तेव्हां श्रोत्यांमध्यें बसलेल्या मालरनें आरडाओरडा करणारांना स्वतः दटावलें होतें. त्या तरुणाची प्रत्येक रचना मालरला उमगत होती असें नव्हे, परंतु तिच्यामागील सचोटीविषयीं त्याच्या मनांत शंका नव्हती. पुढें १९११ सालीं शोएनबर्गनें आपला स्वरसंवादशास्त्रावरील ग्रंथ मालरच्याच स्मृतीस अर्पण केला. तेव्हां नव्यांच्या चार रचना आणि अखेरीस मालर, या मांडणींत एक प्रकारचें गुरुऋण होतें. 'आम्ही आकाशांतून पडलेलों नाहीं, या घराण्यांतले आहों,' हेंच जणू शोएनबर्गला श्रोत्यांपुढें मांडावयाचें होतें.

या घराण्याची गोष्ट आपल्या परिभाषेंत सांगूं पाहतों. तंबोऱ्याचा षड्ज कानांत घुमत असतो म्हणूनच आपल्याला गायकाची तान कितीहि दूर गेली तरी भीति वाटत नाहीं. ती परत येणार हा भरंवसा असतो. युरोपीय संगीतांत तंबोरा नाहीं, परंतु मूळ स्वराकडे परतण्याचा हा भरंवसा तेथेंहि होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत वाग्नरनें ही भटकंती फार लांबविली. मालरच्या पिढीनें वाद्यवृंद प्रचंड वाढविले, भावना ताणल्या, घरची वाट जवळजवळ दिसेनाशी केली. तरी घर होतें. १९०८-०९ च्या सुमारास शोएनबर्ग व त्याचे शिष्य यांनीं तें घरच सोडलें. आमच्यापैकीं कित्येकांना हें संगीत प्रथम ऐकतांना तंबोऱ्याची तार तुटल्यासारखें होतें, आणि त्यांत लाजण्याजोगें कांहीं नाहीं.

आतां श्रोत्यांच्या बाजूचाहि विचार केला पाहिजे. अवघ्या पांच आठवड्यांपूर्वीं, २३ फेब्रुवारी १९१३ रोजीं, याच नगरींत शोएनबर्गचीं 'गुरे-गीतें' प्रथम सादर झालीं होतीं. सुमारे दीडशें वादक, मोठे गायकवृंद आणि त्यांवर एकल गायक, असा तो थाट होता. ही रचना मुख्यतः १९००-०१ मधील, म्हणजे पूर्णपणें जुन्या भावविलासी वळणाची. सभागृहानें रचनाकाराला डोक्यावर घेतलें. आणि यानें काय करावें? व्यासपीठावर येऊन वादकांना तेवढें अभिवादन केलें आणि जयजयकार करणाऱ्या श्रोत्यांकडे पाठ फिरविली. वर्षानुवर्षें सोसलेल्या अवहेलनेचें तें उत्तर होतें हें खरें. तरीहि मला तें शहाणपणाचें वाटत नाहीं. त्या रात्रीं टाळ्या वाजविणारांपैकीं कांहीं तरी मार्चच्या मैफलीला आले असतील, ते अपमान विसरून आले असतील असें मानवत नाहीं. शिवाय त्यांनीं ज्याचें कौतुक केलें तो शोएनबर्ग दहा वर्षांपूर्वींचा होता.

मैफल सुरू झाली ती वेबर्नच्या सहा वाद्यवृंद-रचनांनीं. १९०९ मध्यें लिहिलेल्या या रचना इतक्या आटोपशीर आहेत कीं त्यांतील कांहीं मिनिटभरांतच संपतात. चौथी रचना ही एक शवयात्रा आहे. घंटा, झांज आणि नगारे यांचा जेमतेम ऐकूं येणारा ध्वनि, त्यावर तुटक स्वर, आणि शेवटीं सगळा आवाज एकदम अंगावर कोसळतो. १९०६ सालीं वेबर्नची आई वारली होती, आणि या रचनांच्या मुळाशीं तें दुःख आहे. श्रोत्यांना अर्थातच तें ठाऊक नव्हतें. हंसण्याचे व टाळ्यांचे आवाज एकमेकांवर आदळूं लागले. झेम्लिन्स्कीचीं माटरलिंकच्या कवितांवरील गीतें मधुर, त्यांनीं वातावरण थोडें निवळलें. परंतु पाठोपाठ शोएनबर्गचें १९०६ मधील 'कक्ष-सिंफनी' आलें आणि टाळ्यांच्या गजरांत घराच्या किल्ल्यांतून फुंकलेल्या कर्कश शिट्या ऐकूं येऊं लागल्या. वरच्या सज्जांत हातघाईलाहि तेथूनच आरंभ झाला.

आपल्या संगीत नाटकांच्या काळांत वन्समोरसाठीं प्रेक्षक नाटक थांबवीत, हें वडीलधाऱ्यांच्या तोंडून आपण ऐकलें आहे. तेथेंहि श्रोता मैफलींत हात घालीत असे, परंतु जें आवडलें तें पुन्हां मिळावें म्हणून. व्हिएन्नांत त्या रात्रीं हात घालणारांना पुढचें ऐकावयाचेंच नव्हतें.

बेर्गचीं दोन गीतें आलीं आणि सभागृहाचा तोल सुटला. पीटर आल्टेनबर्ग या व्हिएन्नाच्या लेखकाच्या, चित्रमय पत्रिकांवर लिहिलेल्या चार-दोन ओळी, आणि त्यांच्यासाठीं योजिलेला अवाढव्य वाद्यवृंद! शब्दांचा टिचभर आकार व वाद्यांचा हा पसारा यांचा विसंवाद लोकांना चेष्टेसारखा भासला असावा. दुसऱ्या गीताच्या आरंभीं तर बाराहि स्वर एकाच वेळीं उमटतात, षड्ज कोणता असें विचारण्याची सोयच राहत नाहीं. हशा वाढला. शोएनबर्गनें मध्येंच वादन थांबवून, गोंधळ घालणाराला सरकारी बळानें बाहेर काढूं, असें ओरडून बजावलें. त्यानें आगींत तेल पडलें. शिव्या, आव्हानें, मारामाऱ्या आणि पोलीस यांत मैफल बुडाली.

आणि मालर राहून गेला. त्याचीं 'मृत बालकांचीं गीतें' त्या रात्रीं गावयाचीं होतीं. फ्रीडरिश र्‍युकर्ट या जर्मन कवीचीं दोन अपत्यें १८३३-३४ च्या हिवाळ्यांत दगावलीं, आणि त्या शोकांत त्यानें चारशेंहून अधिक कविता लिहिल्या. हा र्‍युकर्ट आपल्याला अगदीं परका नाहीं. पौर्वात्य भाषांचा हा प्राध्यापक संस्कृतज्ञ होता आणि नल-दमयंतीचें आख्यान त्यानें १८२८ मध्यें जर्मन भाषेंत आणलें होतें. त्याच्या त्या शोककवितांतून पांच निवडून मालरनें १९०१ ते १९०४ या काळांत स्वरबद्ध केल्या. त्यानंतर १९०७ मध्यें त्याची स्वतःची वडील मुलगी गेली. या पांच गीतांचा वाद्यवृंद मालरच्या मानानें लहान व विरळ आहे. कोठें एकटा ओबो, कोठें एकटें हॉर्न, आणि शेवटच्या गीतांत वादळ शमून अंगाईसारखी शांतता. पांचहि गीतें अखंड समजावीं, मध्यें टाळ्यांनींसुद्धां भंग होऊं देऊं नये, अशी मालरनेंच सूचना लिहून ठेवली होती. १९०५ सालीं तीं प्रथम गाइलीं गेलीं तींहि याच वास्तूच्या लहान सभागृहांत, आणि तीं ज्या संस्थेनें घडवून आणलीं तिच्या प्रवर्तकांत झेम्लिन्स्की व शोएनबर्ग होते. टाळीचाहि स्पर्श नको असलेल्या त्या गीतांपर्यंत १९१३ ची मैफल पोंचलीच नाहीं.

पुढें प्रकरण न्यायालयांत गेलें, कारण संयोजकांपैकीं एर्हार्ड बुशबेक यानें एका श्रोत्याच्या श्रीमुखांत भडकावली होती. साक्षीसाठीं आलेला विनोदी संगीतिकांचा लोकप्रिय रचनाकार ओस्कार श्ट्राउस म्हणाला कीं, त्या सायंकाळचा सर्वांत सुस्वर ध्वनि म्हणजे ती थप्पडच! हा टोमणा चटकदार आहे, म्हणूनच तो मैफलीपेक्षां अधिक टिकला. दोनच महिन्यांनीं, २९ मे रोजीं, पॅरिसमध्यें स्ट्राविन्स्कीच्या नृत्यसंगीतावर असाच गदारोळ झाला आणि जगाचें लक्ष तिकडे वळलें.

शोएनबर्गनें मात्र हा धडा आपल्या रीतीनें गिरविला. महायुद्ध संपतांच, १९१८ च्या नोव्हेंबरांत, त्यानें व्हिएन्नांत खाजगी संगीत-सादरीकरणाची एक संस्था काढली. तिचे नियम विलक्षण होते: टाळ्या नाहींत, निषेध नाहीं, वृत्तपत्री टीकाकारांना प्रवेश नाहीं, आणि काय वाजणार हें आधीं जाहीरहि करावयाचें नाहीं. नव्या रचना कसून तालीम करून पुनःपुन्हां वाजविल्या जात. ती तीनएक वर्षें चालली.

बेर्ग हा त्या मैफलीनें सर्वांत अधिक दुखावला गेला. त्याचीं तीं दोन आणि उरलेलीं तीन अशीं पांचहि गीतें सबंध वाजलीं तीं १९५३ सालीं, रोममध्यें. बेर्ग त्यापूर्वीं अठरा वर्षें, १९३५ च्या नाताळच्या आदल्या दिवशीं, वारला होता.