मिरजेची प्रत, फलटणचे ताम्रपट आणि लॉगरिदमचा पाया

आलेख काढून दाखविणाऱ्या कॅल्क्युलेटरवर लॉगरिदमची बटणे बहुधा दोनच असतात. एक दहा या पायाचे, दुसरे 'ई' या नैसर्गिक पायाचे. पाया दोन, तीन किंवा चार हवा असेल तर भागाकार करावा लागतो. संख्येचा दशमान लॉग घ्यायचा आणि त्याला इच्छित पायाच्या दशमान लॉगने भागायचे. ६४ चा लॉग सुमारे १.८०६२, २ चा ०.३०१०, यंत्र सगळे अंक धरून भागाकार करते आणि ६ हे उत्तर देते. पाया ४ घेतला की भाजक दुप्पट होतो आणि उत्तर ३ येते. अलीकडच्या काही यंत्रांवर पाया थेट लिहिण्याची सोय आहे. तिथे हा भागाकार विद्यार्थ्याच्या नजरेसही पडत नाही.

वेगवेगळ्या पायांच्या या कल्पनेचे आमच्या सातारा-सांगली परिसराशी एक जुने नाते आहे. ते गणिताच्या तासाला सांगितले जात नाही आणि वाङ्मयेतिहासाच्या तासालाही नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

वीरसेनाचार्यांची 'धवला' ही 'षट्खंडागम' या दिगंबर जैन आगमग्रंथावरील प्राकृत-संस्कृत मिश्र टीका होय. डॉ. हिरालाल जैन यांच्या निर्णयानुसार ती इ.स. ८१६ मध्ये पूर्ण झाली. या टीकेत एखादी संख्या जितक्या वेळा निम्मी करता येते, तितके तिचे 'अर्धच्छेद' मानले आहेत. ३२ चे अर्धच्छेद ५. तिनाने भागत गेल्यास 'त्रिकच्छेद', चाराने भागत गेल्यास 'चतुर्थच्छेद'. म्हणजे ८१ चे त्रिकच्छेद ४ आणि ६४ चे चतुर्थच्छेद ३. अर्धच्छेदांचे पुन्हा अर्धच्छेद काढले की 'वर्गशलाका' मिळतात: ६५५३६ चे अर्धच्छेद १६, वर्गशलाका ४. गुणाकाराचे अर्धच्छेद ही अर्धच्छेदांची बेरीज आणि भागाकाराचे अर्धच्छेद ही त्यांची वजाबाकी, हे नियमही तेथे आहेत.

एवढ्यावरून 'लॉगरिदम आमच्याकडे आधीच होते' अशी आरोळी ठोकणे आम्हांस उचित वाटत नाही. जॉन नेपियरने १६१४ मध्ये कोष्टके प्रसिद्ध केली ती खगोलशास्त्रातील किचकट गुणाकार सोपे व्हावेत म्हणून; हेन्री ब्रिग्जने पुढे दहाचा पाया रुजविला. वीरसेनांसमोर प्रश्न वेगळा होता. लोकातील जीवराशी, असंख्यात आणि अनंत यांचे प्रकार एकमेकांपासून वेगळे कसे करावेत, हा. अवाढव्य संख्या आवाक्यात आणण्यासाठी त्यांनी छेद मोजले. दैनंदिन आकडेमोडीची कोष्टके हा त्यांचा हेतूच नव्हता. हा भेद मान्य केल्याने वीरसेनांची थोरवी तसूभरही कमी होत नाही.

आता मिरजेकडे वळू. धवलेच्या प्राचीन ताडपत्री प्रती कर्नाटकात मूडबिद्रीच्या मठात होत्या. त्यांचे दर्शन घडे, वाचन नव्हे. १८९६ च्या सुमारास तेथे नक्कल करण्याचे काम सुरू झाले, तेव्हा लेखकांमध्ये मिरजेचे गजपती उपाध्याय होते. मठासाठी नक्कल करीत असतानाच त्यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांच्या साहाय्याने गुपचूप एक कानडी प्रत तयार केली. ती पुढे सहारनपूरला पोहोचली आणि तेथून निघालेल्या देवनागरी प्रती देशभर पसरल्या. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातील प्राध्यापक हिरालाल जैन यांनी १९३९ पासून धवलेचे खंड छापण्यास आरंभ केला तो अशा प्रतींच्याच आधारे. १९४२ च्या चौथ्या खंडात लखनौ विद्यापीठाचे अवधेश नारायण सिंह यांनी तिच्यातील गणितावर लेख लिहिला आणि अर्धच्छेद म्हणजे दोन पायाचे लॉगरिदम, ही गोष्ट गणिताच्या अभ्यासकांसमोर आली.

गजपतींचे कृत्य चोरीचे म्हणावे की उपकाराचे? मठाच्या दृष्टीने तो विश्वासभंग होता, यात शंका नाही. परंतु ती प्रत नसती तर वीरसेनांचे गणित आणखी किती काळ बंद राहिले असते, याचाही विचार व्हावा. एका दांपत्याचा हा चोरटा उद्योग आमच्या मते मराठी मुलखाच्या ज्ञानेतिहासातील मोठी घटना आहे.

या कथेचे दुसरे टोक सातारा जिल्ह्यात आहे. भोजचे आचार्य शांतिसागर यांच्या प्रेरणेने हे आगमग्रंथ ताम्रपटांवर कोरविले गेले आणि फलटणला जतन झाले. ताडपत्राला कीड लागते, तांब्याला लागत नाही. तांब्यावरील अक्षरालाही वाचक मात्र लागतो.

म्हणून आमची सूचना साधी आहे. यंत्राच्या पडद्यावर २, ३ आणि ४ या पायांचे तीन आलेख एकत्र काढावेत. तिन्ही वक्र एकाच बिंदूतून जातात, जिथे संख्या १ आणि लॉग शून्य असतो. चार पायाच्या वक्रापेक्षा दोन पायाचा वक्र सर्वत्र नेमका दुप्पट असतो. ६४ चे अर्धच्छेद ६ आणि चतुर्थच्छेद ३ का, हे तेथे डोळ्यांना दिसते. मग त्या वक्रांना त्यांची जुनी नावे सांगावीत आणि मिरजेच्या त्या दांपत्याचेही नाव घ्यावे. त्याला फार तर पाच मिनिटे लागतील.