ठासणीची बंदूक

जोयडा तालुक्यातल्या आमच्या जुन्या घरांत कोयता, कांबळं आणि ठासणीची बंदूक ही तिन्ही शेतीचीच अवजारं. धरणात जुनं सुपा गाव गेलं तेव्हा सामान हलवताना आजोबांनी सगळ्यात आधी बंदुकीच्या लायसनचं पुस्तक पोटाशी बांधलं, असं आई सांगते.

कागदाची एवढी धास्ती उगीच नव्हती. 1857 साली इंग्रजांनी हत्यारं नोंदवायचा कायदा आणला. मुधोळकडच्या हलगलीचे बेरड त्याविरुद्ध उठले, तेव्हा गावच जाळलं गेलं. पुढच्या वर्षी बंडाचं लोण आपल्या सुप्याच्या रानातही पोचलं. मग 1878 च्या कायद्याने परवान्याची सक्ती झाली. गोऱ्यांना मात्र त्यातून सूट! म्हणूनच 1931 च्या कराची काँग्रेसने नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क ठरावात घातला. डिसेंबर 1948 मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी तीच दुरुस्ती मांडली, पण ती नामंजूर झाली. देश नुकताच फाळणीतून होरपळून निघाला होता.

तरी 1959 च्या शस्त्र कायद्यात शेतकऱ्यासाठी जागा राहिली. कलम 13 सांगतं की पीक राखायला ठासणीची बंदूक मागणाऱ्याला, नाकारण्याचं कायदेशीर कारण नसेल तर, परवाना द्यायचाच. कोडगूच्या कोडवांना तर परवान्यातूनच सूट आहे. आपल्याला ती नाही, आणि नसावी असंच मला वाटतं.

आजोबा नळीत दारू ओतायचे, चिंधी कोंबायचे, गजाने ठासायचे. छरे बहुधा नसतच. नुसता बार काढायचा, की डुकरांचा कळप पळाला. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर तर बंदूक आवाजापुरतीच उरली. 2007 साली दांडेली-अणशी भाग व्याघ्र प्रकल्प झाला आणि पहारा आणखी कडक झाला.

खरी ओढाताण निवडणुकीत होते, बरं का. 2024 ला आचारसंहिता लागली 16 मार्चला, आपल्याकडे मतदान 7 मेला, निकाल 4 जूनला. जवळजवळ अडीच महिने! काकांनी बंदूक ठाण्यात जमा केली आणि केळीच्या बागेत पत्र्याचा डबा बडवत बसले. माकडांना डब्याची सवय व्हायला चार दिवस पुरतात. त्या वर्षी निम्मी केळी गेली.

पण दुसरी बाजूही आम्ही पाहिली आहे. शेजारच्या एका घरी भरलेली बंदूक भिंतीला टेकवून ठेवलेली. पोराचा हात लागला आणि दोन बोटं गेली. विनापरवाना गावठी बंदुका घेऊन रात्री रानात शिरणारेही आपल्यातलेच. त्यामुळे ‘आमची बंदूक, आमची मर्जी’ हे काही मला पटत नाही.

उपाय मात्र नियमातच आहे. निवडणूक आयोगाच्या सूचनेप्रमाणे जिल्ह्याची छाननी समिती प्रत्येक परवाना तपासू शकते. जामिनावर सुटलेला कोण, दंगलीत नाव आलेला कोण, हे पाहून त्यांच्या बंदुका आधी घ्याव्यात. ज्याच्या नावावर आयुष्यात एक तक्रार नाही, त्या शेतकऱ्यालाही त्याच रांगेत उभं करायचं कशाला?

तेव्हा मंडळी, पुढच्या निवडणुकीआधी गावागावातून समितीकडे लेखी अर्ज द्या. पीक कोणतं, जमीन किती, परवाना कधीचा, सगळं लिहा. आणि घरात बंदूक असेल तर ती रिकामी करून कुलपात ठेवा. हक्क मागायचा तर एवढं आपल्याकडून व्हायलाच हवं.