लखोटा, हुकूम आणि दप्तर
कन्हानकाठच्या खाप्याहून निघालेला लखोटा वाटेत कोणी व कोणाच्या आज्ञेने फोडावा, हा प्रश्न पत्रसंग्राहकांस परका नाही. १८९८ च्या टपाल कायद्याने सार्वजनिक सुरक्षिततेसाठी सरकारास तशी मुभा दिली होती. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने दूरध्वनीवरील संभाषण चोरून ऐकण्यास गृहसचिवाचा हुकूम व दोन महिन्यांची मुदत आवश्यक ठरविली. २००७ च्या नियमाने मात्र, कामास लागत नसल्यास, संभाषणाबरोबर ते हुकूमही दर सहा महिन्यांनी नष्ट करावयास सांगितले. घातपात्यांचा बंदोबस्त अवश्य व्हावा. निरपराध्याचे खाजगी बोलणेही नष्ट व्हावे. परंतु हुकूम दप्तरी राहिलाच पाहिजे. अस्सल कागदावाचून निवाडा नाही, हा आमच्या शास्त्राचा दंडक राज्यकारभारासही लागू आहे, असे आम्हांस वाटते.